गाठीखालचे तेल

मी एक जुना थर्मामीटर आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, राग मानू नका. माझा जन्मच संशयात झाला, त्याला मी तरी काय करणार?

काचेच्या कारखान्यात एका कारागिराने गाल फुगवून मला फुंकले, पोटात पारा भरला, अंगावर बारीक रेघा कोरल्या. मी जरा श्वास घेतो न घेतो तोच एका चष्मेवाल्या बाईंनी मला बर्फात बुडवले. मग उकळत्या पाण्यात. मग पुन्हा बर्फात. "हा खरं बोलतोय का ते बघते," असे त्या शेजारणीला म्हणाल्या. मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. त्याच दिवशी मी ठरवले, की या जगात आपणही डोळे उघडे ठेवलेले बरे.

पुढे मला पितळेच्या चौकटीत बसवले. डोक्याला लांब साखळी आणि पायाशी एक छोटी वाटी. ही वाटी शोभेची नव्हे. मला टाकीत खोल सोडले, की ती तिथले तेल भरून घेते आणि वर ओढेपर्यंत माझा पाय त्याच तेलात बुडालेला राहतो. त्यामुळे वाटेत माझा आकडा बदलत नाही. मला घडवणाऱ्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, पण डोके होते हे कबूल करायला हवे.

मी आलो तो एका साबणाच्या कारखान्यात. तिथे दोन पुरुष उंचीची तेलाची टाकी होती. आत भिंतीलगत वाफेच्या नळीची वेटोळी होती. तळाचा गाळ करपू नये म्हणून ती कंबरेइतक्या उंचीवरून सुरू होत. मधोमध ढवळणी होती, म्हणजे वर मोटर, मोटरीला लांब दांडा आणि दांड्याच्या खालच्या टोकाला रुंद पाते. मागच्या भिंतीपलीकडे बॉयलर. तिथून वाफ यायची, वेटोळ्यांतून फिरायची आणि तेल तापायचे.

माझ्या साखळीवर मध्यावर तांबड्या चिंधीची एक गाठ होती. कामगार मला त्या गाठीपर्यंत सोडत आणि वर ओढत. त्याखाली कुणी कधी सोडले नाही. ढवळलेले तेल सगळीकडे सारखेच तापते, मग खाली कशाला जायचे? गाठ कुणी बांधली होती, तेही कुणाला आठवत नव्हते. पण गाठ म्हणजे गाठ. तिच्यापुढे जाणे म्हणजे जणू दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकणे.

अनेक वर्षे माझ्या शब्दावर साबण शिजला. "या पठ्ठ्याने सांगितलं ना, मग झालं," असे मालक पाहुण्यांना सांगत. मला बरे वाटे, पण स्तुती करणाऱ्याकडे मी जरा तिरकेच पाहतो.

आणि माझा संशय खराच ठरला. एका हंगामात तेल तापायला उशीर होऊ लागला. सकाळच्या चहाच्या सुटीपर्यंत तयार होणारे तेल जेवणाची सुटी उलटली तरी कोमटच. साबणात गुठळ्या येऊ लागल्या. पहिला संशय अर्थातच माझ्यावर. मला पुन्हा बर्फ, पुन्हा उकळते पाणी. मी निर्दोष सुटलो, तेव्हा सगळ्यांच्या नजरा भिंतीपलीकडे वळल्या.

बॉयलर सांभाळणाऱ्यांना सगळे बॉयलरकाका म्हणत. त्यांची मुलगी त्याच कारखान्यात इंजिनिअर होती. काकांनी भट्टीसमोर उभे राहून तिला शिकवले होते, आणि ती कामावर आली त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढ्यांऐवजी साबणाच्या वड्या वाटल्या होत्या, कारखान्याच्याच. त्यावरून अजून थट्टा होई.

मालकांनी तिला टाकीपाशी बोलावले. "कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले. "वाफ कमी येते असं माझं मत आहे. भट्टीत जाळायचं तेल कुणी चोरून बाहेर विकत असेल. तुम्ही गणित करा. वाफ कमी निघाली तर काकांना घरी बसावं लागेल."

"गणित दुसऱ्या कुणाला द्या ना," ती म्हणाली.

"नाही, तुम्हीच करा. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, परक्याने गळा कापला."

तिने टाकीच्या काळ्या पत्र्यावरच खडूने आकडे मांडले. मी खिळ्याला लटकून सगळे पाहत होतो. आधी बॉयलरपासून टाकीपर्यंतच्या नळीचा हिशोब. नळीवरचे वेष्टण शाबूत होते, वाटेत उष्णता फारशी सांडत नव्हती. मग टाकी. मित्रांनो, वाफ नळीतून धावते, म्हणून ती आपली उष्णता नळीच्या भिंतीला झटकन देते. तेल मात्र जात्याच आळशी. नळीला टेकलेले तेल तापते, पण ते जागचे हललेच नाही, तर मागच्या थंड तेलाला नळीपाशी जागा कशी मिळणार? म्हणून ढवळणी हवी. ढवळलेले तेल नळीकडून किती झपाट्याने उष्णता उचलते, याचा एक आकडा असतो. तिने तो पुस्तकातून घेतला आणि गुणाकार केला.

उत्तर आले आणि तिने खडू खाली ठेवला. वाफ पुरेशी असती तर तेल चहाच्या सुटीआधी तापायला हवे होते. म्हणजे वाफ निम्म्याहूनही कमी. मलाही तेव्हा काकांचा संशय आला. खोटे कशाला बोलू?

ती बॉयलरघरात गेली. दार उघडेच होते, मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते.

"बाबा, एक विचारू? वाफेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडता ना?"

काका म्हणाले, "मालकांनी विचारायला सांगितलं?"

"नाही. मीच विचारतेय."

"असं होय." त्यांनी हात पुसले. "मग तूच उघड बाई. मी बाहेर बसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून व्हॉल्व्हच्या चाकावर तिचा हात होता. दाबाचा काटा तिने स्वतः तपासला, भट्टीचे तेल स्वतः मोजून ओतले. काका बाहेर एका पालथ्या डब्यावर बसून होते. कुणी चहा आणून दिला तो तसाच निवत होता. आणि एवढे करून टाकीतले तेल? जेवणाची सुटी उलटली तरी कोमट.

तिचा चेहरा उतरला. वाफ पूर्ण होती, बाप खरा होता, आणि तिने प्रश्न तर विचारून टाकला होता.

पण ती रडत बसली नाही. तिने पत्र्यावरचे गणित पुसून उलट्या टोकाने मांडले. वाफ पूर्ण, वेळ एवढा, तर तेल नळीकडून उष्णता किती झपाट्याने उचलत असेल? उत्तर इतके लहान आले, की तिने ते पुन्हा करून पाहिले. तो आकडा ढवळलेल्या तेलाचा नव्हताच. तापून हलके झालेले तेल आपणहून हळूहळू वर चढते, तेवढ्याचाच तो होता.

"तेल ढवळलं जात नाहीये," ती म्हणाली.

मालक हसले. "हातच्या काकणाला आरसा कशाला? तो बघा दांडा फिरतोय." खरेच, दांडा गरगर फिरत होता. सगळे रोज तोच पाहत आणि निश्चिंत होत.

तिने मोटर बंद करायला लावली, मला खिळ्यावरून काढले आणि टाकीत सोडले. अगदी वरचा थर चटका देण्याइतका गरम, मध्यावर नेहमीसारखे कोमट. गाठ आली. कुणीतरी मागून म्हणाले, "बास, गाठ आली." तिने थांबून त्याच्याकडे पाहिले आणि साखळी सोडतच राहिली.

मी तिथे जन्मात गेलो नव्हतो. काळोख, आणि थंडगार घट्ट तेल. माझा पारा सरसर उतरला. मग माझी वाटी कशावर तरी आपटली आणि ठण्ण असा आवाज झाला. तळाला धातूचे काहीतरी आडवे पडले होते. टाकी रिकामी केल्यावर सगळ्यांनी पाहिले. दांड्याला पाते धरून ठेवणारी खीळ झिजून तुटली होती आणि पाते गळून गाळात रुतले होते. नुसता दांडा फिरत होता. आम्ही मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो.

नवी खीळ ठोकली. तेल पुन्हा चहाच्या सुटीआधी तापू लागले. मालक बॉयलरघरात जाऊन म्हणाले, "काका, मनावर घेऊ नका."

"तुमचं काय मनावर घ्यायचं," काका म्हणाले. "तुम्ही मालक आहात."

आता टाकीला विजेचा नवा मापक बसवला आहे आणि मी खिळ्यावर धूळ खात असतो. इथून बॉयलरघर नीट दिसते. रोज सकाळी काका व्हॉल्व्ह उघडण्याआधी मुलीला हाक मारतात. "ये, बघून घे."

"बाबा, पुरे ना आता. मी माफी मागितली ना?"

"मागितलीस की. मी कुठे रागावलोय? बघून घे."

ते खरेच रागावलेले नसतात. तिच्यासाठी डबाही तेच घेऊन येतात. पण ती आल्याशिवाय चाकाला हात लावत नाहीत. ती येते, शेजारी उभी राहते आणि मान खाली घालते. मला त्या दोघांकडे पाहवत नाही.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, धूळ पुसा, झिजलेला भाग वेळीच बदला, हे सगळेच सांगतात आणि मीही सांगतो. पण मी संशयी, म्हणून आणखी एक सांगतो. संशय जरूर घ्या. यंत्र उघडून पाहिले तर त्याला वाईट वाटत नाही. म्हणून आधी यंत्र उघडा, टाकीत उतरा, हात काळे करा. आणि आपल्या माणसाला तो प्रश्न विचारायचाच असेल, तर सगळ्यात शेवटी विचारा.