राणीच्या खुर्चीवर लीलावती

मी एक खुर्ची बोलतेय. दया वगैरे नको, आधीच सांगते. ओकचं लाकूड आहे, अजून शंभर वर्षं सहज टिकेन. वाईट वाटायचं असेल तर माझ्यावर बसलेल्या एका बाईचं वाटू द्या.

मला नेदरलँड्समधल्या ब्राबांत प्रांतातल्या एका सुतारानं चर्चसाठी घडवलं. उंच पाठ, हातांवर कोरलेले द्राक्षांचे घड. वेदीशेजारी माझी जागा. माझ्यावर बसायचे ते फक्त पाद्री. बायका यायच्या त्या मला पुसायला. पुसता पुसता एखादी थांबायची, इकडेतिकडे बघायची आणि पुन्हा फडकं मारायला लागायची. एकशे दहा वर्षांत एकही बसली नाही. मग प्रार्थनेला येणारेच उरले नाहीत. चर्चचे फ्लॅट झाले आणि मी फेल्डहोवनमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात, बिघडलेल्या वॉशिंग मशीनशेजारी येऊन पडले.

तिथे लीलावती आली. आली ती सरळ बसलीच.

"मृण्मयी, हीच गं! सिंहासन मिळालं बघ तुझ्या नाटकाचं."

"उठ आई, लोक बघतायत."

"बघू देत. राणी आहे मी."

अठ्ठावन्न वर्षांची बाई खिदळत होती. पुढे पेटी असलेल्या सायकलीत मला आडवं घालून तिनं घरी नेलं. वाटेत दोनदा पडता पडता वाचलो.

त्या वर्षी ती मराठी मंडळाची अध्यक्ष झाली होती. बावीस वर्षं तिनं मंडळाचे मोदक वळले, हॉल ठरवले, नगरपालिकेला डचमध्ये पत्रं लिहिली. तेव्हा तिला कोणी अध्यक्ष केलं नाही. तिचा नवरा नीळकंठ मात्र दोनदा झाला होता. तो जाऊन तीन वर्षं झाल्यावर तरुण पोरांनी हात वर केले आणि ही निवडून आली. मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं टाळ्या छान वाजवतात.

मृण्मयी तिची मुलगी. लायडनला इतिहास शिकत होती, दुसऱ्या वर्षी सोडून आली. मंडळात तिची ओळख तेवढीच. पण गणेशोत्सवाचं नाटक लिहायला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा तीच चालली. नाटक इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचं. साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. राणी लीलावती, आणि मुख्य प्रधान माजी अध्यक्ष गुरुनाथ.

तालमी त्यांच्याच दिवाणखान्यात व्हायच्या. मृण्मयी समजावून सांगायची आणि मी ऐकायची. पंचविशीची पोर गादीवर आली. अर्धं राज्य जुन्या पंथाचं, अर्धं नव्याचं. मुकुट चढवायला मोठे धर्मगुरू तयार होईनात, शेवटी एक धाकटा बिशप मिळाला. संसदेचं एकच पालुपद, लग्न करा. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे, बाप होता धर्मसंस्थेचा 'मस्तक'. तेच पद पोरीकडे आलं तेव्हा सगळे अडले. बाई मस्तक कशी असेल? मग तिच्यासाठी शब्दच बदलला. मस्तक नाही, 'कारभारी'.

"हलकट होते लेकाचे," गुरुनाथ चहात बिस्किट बुडवत म्हणाले.

खरंच म्हणाले. मी तिथेच होते.

गणेश चतुर्थीला चार दिवस उरले असताना ते पुन्हा आले. बरोबर वासुदेव गुरुजी. एरवी संगणकाच्या चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करणारे, सुट्टीच्या दिवशी पूजा सांगणारे. तालीम नव्हती तरी दोघे आले, तेव्हाच लीलावतीला कळलं असावं. मंडळाची प्रथा अशी की प्राणप्रतिष्ठेला अध्यक्ष बसतात. जोडीनं.

"वहिनी, अध्यक्ष तुम्हीच आहात, त्यात वाद नाही," गुरुनाथ म्हणाले. "फक्त पूजेला हरिहर आणि शोभा, हे जोडपं बसेल. लोकांचं जरा... तुम्हाला माहितीये."

"कुठल्या लोकांचं, काका?" मृण्मयीनं विचारलं.

"तू मध्ये बोलू नकोस बाळा."

"गुरुजी, शास्त्रात आहे का तसं?"

वासुदेव गुरुजी माझ्या हातावरच्या द्राक्षांकडे बघत राहिले. "शास्त्रात तसं काही नाही गं. एकट्या माणसाला चालतं. पण पद्धत..."

"आणि पत्रिकेत," गुरुनाथ घाईनं म्हणाले, "अध्यक्षांच्या हस्ते पूजा, असं छापतो आपण. उगाच घोटाळा नको, म्हणून तुमचं नाव मुख्य समन्वयक म्हणून टाकलंय. मान तोच."

मृण्मयी हसली. वाईट हसली. "काका, तुमचा प्रधान पाठ झालाय की."

त्यांना कळलं नाही. खरंच कळलं नाही हो! महिनाभर तेच संवाद म्हणत होता हा माणूस.

दोघे गेल्यावर मृण्मयी म्हणाली, "आई, तू बसायचंस. मंडळाची घटना माझ्या हातात आहे, त्यात जोडी हा शब्द कुठेही नाही."

"मला बसायचंय गं," लीलावती म्हणाली. मग कपबशा गोळा करता करता, "पण तबक हातात घ्यायचं आणि मागे सगळे कुजबुजतायत, तशी पूजा मला नाही करायची."

चतुर्थीच्या सकाळी हॉलमध्ये आरती झाली तेव्हा ती स्वयंपाकघरात नारळ खवत होती. मी विंगेत होते, दारातून मला ती दिसत होती, खवणीचा आवाज येत होता. हळदीकुंकवाचं तबक घेऊन शोभा आत गेली आणि तिच्यापाशी नुसती क्षणभर थांबून पुढे गेली. थांबली नसती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नाटक. हॉल भरलेला. लीलावती माझ्यावर बसली, हात द्राक्षांवर. प्रधान पुढे आला, वाकला. "राणीसाहेब, मस्तक नको. कारभारी म्हणवून घ्या. मान तोच."

यावर तिचं वाक्य होतं, "शब्द तुमचे असू द्या, प्रधानजी. हुकूम माझाच चालेल." तालमीत ते ती अशी काही म्हणायची की माझ्या पायांना जाणवायचं.

तिची बोटं माझ्या लाकडात रुतली. विंगेतून मृण्मयीनं वाक्य सांगितलं, दोनदा. लीलावतीनं गुरुनाथकडे पाहिलं, इतकं सरळ की त्यांनी पागोटं सावरलं. आणि म्हणाली, "बरं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. पडदा पडल्यावर गुरुनाथ धावत आले. "वहिनी, काय ते बरं टाकलंत! अभिनय म्हणतात तो हा!"

दिवाळीनंतर तिनं राजीनामा दिला, तब्येतीचं कारण लिहून. तब्येत ठणठणीत आहे. आता हरिहर अध्यक्ष आहेत.

मंडळाच्या गोदामात मला जागा नव्हती. मृण्मयीनं आता वेगळी खोली घेतलीय, मी तिथे असते, कपड्यांखाली. रविवारी लीलावती येते. मृण्मयी कपडे उचलते, "बस आई" म्हणते. ती बसते, पण अगदी कडेला, पाठ न टेकता, बोलावणं आलं की लगेच उठायला तयार असल्यासारखी.

"नीट बस ना."

"बसलेय की."

माझी पाठ चांगली उंच आहे. कुणीतरी सांगा तिला. आणि तुम्ही, टाळ्या वाजवणारे, पुन्हा एखाद्या बाईसाठी खुर्ची मांडाल, तर आधी तिला बसू द्यायचंय का, ते ठरवा. नसेल तर मांडू नका. आम्हा लाकडांना माणसाचं वजन पेलवतं हो, हे असलं पेलवत नाही.