माझ्या पाठीवरचे पाच खडे

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी लिहायची एक जुनी फळी आहे. परीक्षेला तुम्ही पॅड नेता ना, त्यांच्यातलीच. माझा चिमटा गंजलाय आणि पाठ ओरखड्यांनी भरलीय. पण याच पाठीचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

शिरूर कासारच्या बाजारातून बालवाडीच्या वच्छलाबाईंनी मला आणलं. ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी आटल्या होत्या आणि गाव टँकरच्या पाण्यावर होतं. त्याच वर्षी गावच्या दूध सोसायटीने आपली एक रिकामी खोली लोकांच्या विरंगुळ्याला द्यायचं ठरवलं. चेअरमन माणिकराव म्हणाले, "आदी घरोघर इचारा. ज्यान्ला फावला येळ हाय, त्यान्ला खोली." हे काम बाईंकडे आलं आणि मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरू लागले. मला भारी मिजास चढली होती.

पुरुषांची उत्तरं भराभर मिळाली. पत्ते, भजन, पारावरच्या गप्पा. बायका मात्र हातातलं काम न थांबवता म्हणायच्या, "रिकामा येळ? न्हाई." बाईंनी चाळीस बायकांपुढे 'नाही' लिहिलं. खोली पत्तेवाल्यांना मिळणार, हे ठरल्यातच जमा होतं.

शेवटचं नाव मालनबाईंचं होतं. त्या घरी नव्हत्या, टँकरच्या रांगेत होत्या. बाई तिकडे गेल्या, तर लिंबाखाली हंड्यांची लांब रांग आणि बाजूला बसलेल्या बायका. मालनबाईंनी पदराच्या गाठीतून पाच खडे काढले.

"बाई, जिमीन लई खडबडीत हाय. तुमची फळी द्या की जरा."

त्यांनी मला पालथी घातली आणि खडे उडवले. एक वर, चार मुठीत. बायका हसत होत्या. बाईही खेळल्या आणि हरल्या. इतकी वर्षं झाली, पण तसा आनंद मला पुन्हा मिळाला नाही.

"मालनबाई, हाच तुमचा फावला वेळ की," बाई म्हणाल्या.

बाईंच्या हातातले खडे घ्यायला पुढे आलेला मालनबाईंचा हात थांबला. "ह्ये लिहू नका, बाई. घरी म्हनतील, येळ हाय तर बसतीस कावून? सरपनाला जा. एवढंच हाय आमच्यापाशी."

बाईंनी खडे परत दिले. संध्याकाळी त्यांनी चाळीसही 'नाही' खोडले आणि कुणाचंच नाव न घालता लिहिलं, "गावातल्या बायका रोज दोन-तीन तास पाण्यासाठी उन्हात बसतात. हे काम आहे. त्यांना बसायला नीट जागा हवी."

माणिकरावांनी ते दोनदा वाचलं. खोली पत्तेवाल्यांनाच मिळाली. पण महिनाभरात लिंबाखाली पत्र्याचं छप्पर आणि फरशीचा ओटा झाला. ओट्यावर काय चालतं, ते कुणी विचारलं नाही. तोवर रोज रांगेत माझ्याच पाठीवर उडणारे खडे आता त्या गुळगुळीत फरशीवर छान उडू लागले आणि माझी गरज संपली. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, आता मी सोसायटीच्या कपाटात धूळ खात पडून आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण घरी गेलात की आईला विचारा, तुझा फावला वेळ कोणता? ती 'नाही' म्हणेल. ते लगेच लिहून टाकू नका. तिच्याजवळ थोडा वेळ बसा. आणि तिने मागितलं, तर तुमचं पॅड तिला पालथं घालून द्या.