मोरपंखीच्या पोटातलं भगदाड

मी मोरपंखी बोलतेय. सुरूचं झाड नव्हे, लोक येता-जाता मला खुशाल सुरू म्हणून मोकळे होतात. ओळखायचं असेल तर जवळ या. माझ्या डहाळ्या चपट्या आणि उभ्या, पुस्तकाच्या पानांसारख्या. बोंडं निळसर, त्यांना बारीक शिंगं. ऋतू कुठलाही असो, मी हिरवीच.

रोपवाटिकेत फांदीच्या एका तुकड्यापासून माझा जन्म झाला. एका बाईंनी मला हौसेने आणलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लावलं. "बाई, लांब लावा, ही एवढीशी राहायची नाही," माळी म्हणाला. पण बाई कुणाचं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. मुलगीही तशीच. मायलेकींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं बाई बोलून गेल्या आणि लेक खरंच निघून गेली.

तोवर मी खिडकी झाकून टाकली होती. एके दिवशी बाई मोठी कात्री घेऊन आल्या आणि माझ्या ऐन पोटात कापू लागल्या. माळी धावत आला. "बाई, आतल्या तपकिरी लाकडापर्यंत जाऊ नका. तिथून हिला परत पालवी फुटत नाही."

"नकोच फुटायला. मला फाटक दिसलं पाहिजे."

मग रोज दिवेलागणीला त्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्या राहून माझ्यातून फाटकाकडे बघायच्या. लेकीला फोन मात्र एकदाही केला नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही.

बाई वारल्या, घराला कुलूप लागलं. ती नजर मात्र गेली नाही. दिवेलागणीला माझ्या भगदाडातून अजून कुणीतरी बघतं. तेवढ्यापुरता वारा पडतो, चिमण्या गप्प होतात. आत तर कुणीच नसतं. मला भीती वाटते, खरंच सांगते.

काल लेक आली, घर रिकामं करायला. सोबत नवा माळी होता.

"काका, हिला मध्येच हे काय झालंय?"

"कीड लागली असणार. काढूनच टाकू."

"टाका. आईने माझी काळजी केली नाही, झाडाची कुठून करणार? मी गेले तेव्हा वळूनसुद्धा बघितलं नाही तिने."

ती हे बोलत होती आणि माझ्या पोटातून ती नजर तिच्या पाठीवर खिळली होती.

आता करवत पायरीवर येऊन पडली आहे. तोड मला, माझं काही म्हणणं नाही. पण पोरी, मला कीड लागलेली नाही गं. आधी एकदा आत जा, ओट्यापाशी उभी राहा आणि माझ्यातून बाहेर बघ.