लोकरीचा बोळा

मित्रांनो, मी मेंढीच्या गळ्यातली एक जुनी घंटा आहे. सध्या अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. येणारे-जाणारे म्हणतात, "काय सुंदर घंटा आहे हो!" आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म स्पेनच्या उत्तरेकडल्या बास्क मुलखात, डोंगरात झाला. लोहाराने लोखंडी पत्रा वाकवला, त्यावर पितळेचे तुकडे ठेवले, वरून चिखल आणि पेंढा लिंपला आणि मला भट्टीत घातलं. पितळ वितळून अंगभर पसरलं आणि मला आवाज फुटला. पुढे एकोणीस वर्षांचा बेन्यात अमेरिकेत मेंढ्या राखायला निघाला, तेव्हा त्याच्या आजोबांनी मला त्याच्या हातात ठेवलं. "म्होरकीच्या, सगळ्यांत पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात बांध," ते म्हणाले. "हिचा आवाज येतोय तोवर कळप जागेवर आहे. थांबला, की धावत सूट."

अमेरिका म्हणजे आमच्यासाठी डोंगरच. दोन हजार मेंढ्या, बेन्यात, मी आणि लागुन नावाचा कुत्रा. बेन्यात निखाऱ्यांखाली पुरलेल्या भांड्यात पाव भाजायचा, त्यावर सुरीने क्रूस काढायचा आणि पहिला तुकडा लागुनला द्यायचा. मेंढपाळांची रीतच ती. आठवड्यातून एकदा म्हातारा फर्मिन खेचरावरून पीठ, घेवडा आणि पत्रं घेऊन यायचा.

"काय रे, मेंढ्या उत्तरं द्यायला लागल्या की नाही?"

"तुमच्यापेक्षा बरं बोलतात, फर्मिनकाका!"

एका दुपारी पत्र आलं. आजोबा गेले होते. फर्मिन निघून गेला आणि मी नेहमीसारखी वाजत राहिले. पण बेन्यातला माझा आवाज म्हणजे आजोबांचं अंगण. बेन्यातने कानांवर हात ठेवले. मग म्होरकीला धरून त्याने माझ्या तोंडात मूठभर लोकर कोंबली. "गप्प बस गं! जरा वेळ तरी गप्प बस!" झाडाखाली पडून तो रडला आणि रडता रडता झोपला.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. वर्षानुवर्षं नुसती टणटण! थोड्या वेळाने म्होरकीने मान झटकली आणि बोळा निम्मा सुटला. मी जरा जोर केला असता तर वाजले असते. पण मी आळसावले.

म्होरकी कड्याकडे निघाली आणि तिच्यामागे शेकडो मेंढ्या. पाहिलं ते एकट्या लागुनने. तो भुंकला, पण बेन्यात फार लांब होता. मग तो कड्याच्या अगदी काठाने धावत एकेकीला वळवत सुटला. शेवटची मेंढी वळली आणि त्याच्या पायाखालचा दगड निसटला.

ऊन कलल्यावर बेन्यात जागा झाला. शंभर मेंढ्यांमागे एक काळी असते, तेवढ्याच मोजायच्या. वीसच्या वीस भरल्या. तो हसला आणि त्याने शीळ घातली. लागुन आला नाही. सापडला तो कड्याखाली.

दुसऱ्या दिवशी फर्मिन विसरलेलं मीठ द्यायला आला.

"कुत्रा कुठाय?"

"अस्वलानं नेला."

फर्मिनने म्होरकीजवळ जाऊन बोटाने बोळा बाहेर ओढला. "आणि अस्वलानं घंटेत लोकर पण कोंबली, होय रे?"

बेन्यातची मान खाली गेली. "काका, मालक मला परत पाठवतील."

"मी नाही सांगणार. तू सांग."

शरद ऋतूत कळप खाली उतरला. मालकाने मेंढ्या मोजल्या. एकही कमी नव्हती. "शाबास! असा पोरगा दहा वर्षांत पाहिला नाही," म्हणत त्याने पाठ थोपटली. मलाही घासूनपुसून चकचकीत केलं. बेन्यातने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी तर काय, तयारच होते गप्प बसायला.

आज बेन्यात ऐंशी पार आहे. दर रविवारी पाव भाजतो आणि पहिला तुकडा उंबऱ्याबाहेर ठेवतो. कोणी विचारलं तर म्हणतो, "पाखरांना." गेल्या रविवारी नात मायते म्हणाली, "आजोबा, पाखरांना कुणी एवढा मोठा तुकडा देतं का? खरं सांगा ना!"

तो खुर्चीत बसला आणि साठ वर्षांत पहिल्यांदा त्याने सगळं सांगितलं. मायते उठून त्याच्या खुर्चीजवळ येऊन बसली. मग तिने हळूच विचारलं, "लागुननं तुमची वाट पाहिली असेल का हो?"

"ठाऊक नाही गं," म्हणून तो डोळे पुसू लागला.

मला ठाऊक आहे. कड्यावरून लागुन दोनदा वळला होता. एकदा झाडाकडे बघून भुंकला आणि एकदा माझ्याकडे बघून.

मित्रांनो, समोर कुणाचा घात होत असेल आणि गप्प बसणं सोयीचं वाटत असेल, तर माझ्यासारखं करू नका. तोंडात बोळा असला तरी वाजा. मी आता वारा आला की वाजते. फार उशीर झालाय, पण वाजते.