थंडीला वाट

भाचीचं पत्र शब्दकोशाखाली ठेवलं होतं. जड वस्तूखाली ठेवलं की ते आपोआप निकालात निघेल, अशी माझी समजूत असावी. निघालं नाही. रोज कुठला ना कुठला शब्द अडायचा, मी कोश उचलायचो आणि खाली तिचं ठसठशीत अक्षर.

'मामा, भिंत तू पाहिलीसच. आता खालचा तुकडा आईच्या वेलाला देऊ ना? काड्या ओल्या वाळूत ठेवल्यात. मूळ वेल राहिला नाही, म्हणजे दुसऱ्यांदा मिळायच्या नाहीत. तू इतकी पुस्तकं वाचलीस, तू सांगशील ते खरं. फोन करू नकोस. फोनवर तू नुसता हो हो म्हणतोस.'

माझ्या बहिणीच्या अंगणात हा वेल होता. बारीक मण्यांची काळी द्राक्षं. इतर वेल झोपेत असताना याचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, फुटायचे. बहीण म्हणायची, "माझ्यासारखाच आहे, घरात पहिला उठतो." ती गेली, घर विकलं गेलं, नव्या मालकाने वेल काढला. त्याआधी भाचीने जाऊन काड्या कापून आणल्या होत्या.

द्राक्षमळ्यासाठी जमीन तिने कशी निवडली, ते आठवलं की मला अजून अप्रूप वाटतं. सगळे तिला नदीकाठची काळी जमीन घे म्हणत होते. तिने कुणाचं ऐकलं नाही. "मामा, तिथं नुसती पानं माजतील. वेलाचे फार लाड केले की तो फळ धरायचं विसरतो." तिने खडकाळ उतार निवडला. जागोजागी कमरेइतके खड्डे खणले, त्यांत पाणी ओतलं आणि पालथ्या बादलीवर बसून ते जिरताना बघत राहिली. मग उतारावर वरपासून खालपर्यंत दोऱ्या बांधून जुने अभ्रे भिजवून वाळत घातले. कुठला आधी सुकतो, म्हणजे वारा आणि ऊन कुठे चांगलं, पानांवर ओल कुठे टिकणार नाही, ते कळावं म्हणून. शेजारी विचारायचे, "काय हो, लाँड्री काढली का?" ही म्हणायची, "हो, तुमचेही आणा." एवढी पुस्तकं वाचूनही अभ्रे वाळत घालायचं मला कधी सुचलं नसतं.

तिचा नवरा गवंडी. जमीन घेतल्यावर माती वाहून जाऊ नये, जनावरं शिरू नयेत, म्हणून त्याने उताराच्या पायथ्याशी भिंत घातली. शेतातलेच दगड, चुना नाही, सिमेंट नाही. प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिल्यासारखा. भिंत झाल्यावर मी बघायला गेलो.

परक्या घरी मला लवकर जाग येते. पहाटे उताराकडे गेलो. थंडीचे दिवस होते. वरचं गवत हिरवं, मोकळं. भिंतीच्या आतल्या बाजूचं मात्र गोठलेल्या दवाने पांढरं पडलेलं. त्या पांढरेपणाची वरची कड अगदी सरळ होती, हौदात पाणी साचल्यासारखी. मी चपला सावरत खाली उतरलो तेव्हा घोटे गारठले. भिंतीपलीकडे डोकावलो. तिकडचं गवत हिरवं.

थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते, हे मी वाचलेलं होतं. ती तुंबलेली त्या दिवशी पाहिली. भाचीचे अभ्रे खोटं बोलले नव्हते. ते वाळत घातले तेव्हा भिंत नव्हतीच. या हौदात लवकर उठणारा वेल लावला, तर कोवळे डोळे उघडतील आणि एका गारठ्यात काळे पडतील. बहिणीच्या काड्या तर तेवढ्याच.

चहाच्या वेळी गवंडीबुवांनी विचारलं, "मामा, भिंत कशी वाटली?"

भाची म्हणाली, "सांग ना. तुझ्यासाठी कोपऱ्यातले दगड दोनदा बदललेत यांनी."

मी म्हणालो, "छान आहे."

आणि ती छानच होती. तिथेच तर घोडं अडलं.

घरी येऊन उत्तर लिहायला बसलो की पहिलं वाक्य तेच यायचं: 'माझं चुकतही असेल.' एक सकाळ पाहिली, एक पुस्तक वाचलं, तेवढ्यावर एका माणसाच्या हातचं काम पाडायला सांगायचं? कागद फाडत राहिलो.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, केराची टोपली भरली. आहे तरी काय त्या पत्रात?"

मी सांगितलं.

"मग सगळी भिंत कशाला पाडायची? पाण्यासारखी असते म्हणता ना? मोरीतलं पाणी जायला भोक केवढं लागतं?"

मी बघतच राहिलो.

"असे बघू नका. लिहा. पोरगी रोज वाळू ओली करत बसली असेल तिकडे."

मी लिहिलं. आधी भिंतीबद्दल लिहिलं, कारण ते खरं होतं आणि माझ्या तोंडून नीट निघालं नव्हतं. मग पांढऱ्या गवताबद्दल. 'भिंतीच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात बैलगाडी जाईल एवढं दार ठेवा. फळ्यांचं नको, गजांचं बसवा, म्हणजे जनावरं बाहेर राहतील आणि थंडी निघून जाईल. तरी खाली उशिरा फुटणारी, पांढऱ्या द्राक्षांची जातच लाव. आईचा वेल मधल्या पट्ट्यात, जिथे तुझा अभ्रा आधी सुकला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो दिसावा म्हणून तुला खालचा तुकडा हवा होता, हे मला ठाऊक आहे. मधला पट्टाही दिसतो. मान थोडी वर करावी लागेल. माझ्यावर विसंबू नकोस, एका थंड पहाटे दोघांनी जाऊन गवत बघा.'

खाली गवंडीबुवांसाठी एक ओळ लिहिली: 'दार झालं की भिंत बघायला पुन्हा येतो, त्या दारातूनच.'

बायकोने वाचलं. "'माझं चुकतही असेल' कुठं गेलं?"

"राहिलं."

"राहू दे."

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोचलो. पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि तसाच थांबलो. मागे एक बाई पत्र घेऊन उभी होती. "आजोबा, अडकलं का?"

"नाही, नाही," मी म्हणालो आणि हात सोडला.