कोंबडीच्या हाडांखालचे आठ प्लग

डेल्बर्ट स्नीडला दुसऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात हात घालायची सवय होती. त्याच सवयीवर मी त्याला धरायचं ठरवलं.

पूर्व टेनेसीतल्या आमच्या धावपट्टीवर शनिवारी ज्या शर्यती होतात, त्यातली खरी शर्यत वैराची. दोनच गाड्या, वेळ दाखवणारा फलक बंद, आणि गाडीचं बॉनेट कुणी कुणापुढे उघडत नाही. आधी कोण पोचलं एवढंच लोकांना कळतं. आत कुठला कॅमशाफ्ट, किती पेट्रोल, ठिणगी कधी, हे बायकोलासुद्धा सांगत नाहीत. म्हणून वापरलेले स्पार्क प्लगही कुणी तिथं टाकत नाही, खिशात घालून घरी नेतात. जळलेला प्लग वाचता येणाऱ्याला इंजिनाच्या पोटातलं सगळं सांगतो.

डेल्बर्टला प्लग वाचायला शिकवलं माझ्या वडिलांनी, हॉरेस टॅकेट यांनी. बारा-पंधरा वर्षं तो आमच्या गॅरेजमध्ये होता, आमच्याच टेबलावर जेवायचा. डॅडींनी कित्येक हिवाळे घालवून एक बिग ब्लॉक, म्हणजे थोरल्या मापाचं, इंजिन बांधलं. एकेक पिस्टन स्वतः तोलून, घासून, पुन्हा तोलून. ते स्टँडवर तयार झालं आणि डॅडींना अर्धांगवायूचा झटका आला. मी हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसले होते, तेव्हा हा शहाणा भरदिवसा साखळीने इंजिन उचलून घेऊन गेला. किल्ली त्याच्याकडे होतीच. ते त्याने आपल्या कॅमारो गाडीत बसवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून "मी बांधलं, मी बांधलं" म्हणून गावभर मिरवायला लागला. डॅडींनी कधी इंजिनावर नाव कोरलं नाही. शेरीफने खांदे उडवले. डॅडींची जीभ अडखळायची, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. ते काय भांडणार?

भांडायला मी होते. मग एका वसंतात मी वेंडेलच्या तिकीट-खिडकीपाशी, चांगली दहा माणसं रांगेत असताना डेल्बर्टला गाठलं. वेंडेल म्हणजे धावपट्टीचा मालक. शर्यत सोडायचं आणि भोंग्यावर बोलायचं काम त्याचंच.

"माझी शेव्हेल आणि तुझी कॅमारो," मी म्हटलं. "हरलास तर वेंडेलच्या माइकवर सांगायचं, इंजिन हॉरेस टॅकेटचं आहे."

"आणि तू हरलीस तर, रमोना?"

"तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही."

"मग हरच बाई. सगळ्या गावावर उपकार होतील," डेल्बर्ट म्हणाला. रांग हसली. मी पण हसले. माझं हसू कशाचं होतं ते त्याला कळलं नाही.

सरळ पळून मी त्याला हरवू शकत नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं इंजिनही डॅडींच्याच पद्धतीचं, ब्लॉक तोच, हेड तेच, पण बांधलेलं मी. त्याच्यातलं बांधलेलं डॅडींनी. फरक पडतो.

शर्यतीत दोघांनी पेट्रोल वेंडेलच्या पिंपातूनच भरायचं, ही इथली रीत. मी घरी मात्र शर्यतीचं जहाल पेट्रोल आणलं, वाटेल तेवढा मार सोसणारं. शेव्हेलच्या कार्ब्युरेटरमधले जेट काढून बारीक भोकाचे घातले, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. ठिणगी बरीच आधी पडेल असं टायमिंग पुढे घेतलं. वेंडेलच्या पिंपातल्या पेट्रोलवर असं केलं असतं तर पिस्टन मेणासारखे वितळले असते. त्या जहाल पेट्रोलवर इंजिन तग धरून राहिलं. खाणीकडच्या ओसाड रस्त्यावर दोनदा पळवली आणि प्लग काढले. आठही पांढरेशुभ्र, म्हणजे पेट्रोल अगदी कमी; आणि वितळलेल्या पिस्टनचा एकावरही डाग नाही. वाचणाऱ्याला वाटावं, या बाईने इंजिनातून शेवटचा थेंब पिळून काढलाय आणि तरी इंजिन ठणठणीत आहे, मग तसल्याच आपल्या इंजिनालाही हे सोसेल. मग मी सगळं पूर्ववत केलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी दोघांनी एकेक चाचणी धाव काढली. मी शेव्हेलचे खरे प्लग काढून खिशात घातले आणि नवे बसवले. घरचे आठ कागदात गुंडाळले, तळलेल्या कोंबडीच्या रिकाम्या बादलीत हाडांखाली, कोलस्लॉच्या, म्हणजे कोबीच्या पांढऱ्या कोशिंबिरीच्या, चिखलात दाबले, आणि इकडेतिकडे बघत संडासामागच्या डब्यात बादली टाकली. उघड्यावर टाकले असते तर त्याला संशय आला असता. लपवले म्हणून खरे वाटणार होते.

मग ट्रकमध्ये डॅडींच्या शेजारी बसून आरशात बघत राहिले. डेल्बर्ट आला. हातात सोड्याचा रिकामा डबा, म्हणजे टाकायला आल्याचं सोंग. मग कोपरापर्यंत हात आत. माझ्या अंगावर सुखाने काटा आला. खोटं कशाला सांगू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"काय... हसतेस?" डॅडींनी विचारलं.

"काही नाही. गार चहा घ्या, त्यातला बर्फ वितळतोय."

थोड्या वेळाने डेल्बर्टच्या तंबूतून कॅमारोचा आवाज आला. आधीपेक्षा कोरडा, धारदार. डॅडींची मान लगेच तिकडे वळली. ज्या इंजिनाला पेट्रोल कमी पडतं त्याला ते उपाशी म्हणायचे.

"उपाशी," ते म्हणाले. "उपाशी मारतोय... त्याला."

"त्याची गाडी, त्याचं डोकं."

"थांबव."

"डॅडी, मी काय त्याची आई आहे?"

"रमोना. थांबव."

मी खाली उतरले आणि हेल्मेट घालायला गेले.

वेंडेलने हिरवा दिवा लावला. पहिल्या क्षणाला कॅमारो माझ्यापुढे गेली. काय गेली म्हणून सांगू, मी उभीच आहे असं वाटलं. त्याचे मागचे लाल दिवे तेवढे दिसले. मग अर्ध्यावर, माझ्या स्वतःच्या इंजिनाच्या गर्जनेतूनही मला ते ऐकू आलं: पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे टाकून हलवावेत तसा खडखडाट. मग धडाका. पांढरा धूर, रस्त्यावर तेलाचा पट्टा, आणि मी त्याला ओलांडून पुढे. शर्यत संपल्यावर हेल्मेटमध्ये एकटीच मोठ्याने हसत होते.

कॅमारो ढकलत आणली. सगळी धावपट्टी तिच्याभोवती गोळा झाली. वेंडेलने माइक पुढे केला. "ठरलंय ते बोल, डेल्बर्ट."

डेल्बर्टचा चेहरा काळवंडला होता. पण माणूस बिलंदर. त्याने माइक घेतला आणि एकदम सुस्कारा टाकला. "बोलतो ना. लपवून काय उपयोग? हे इंजिन मी बांधलेलं नाही. मिस्टर हॉरेसनी बांधलंय. पहिल्यापासून कच्चं होतं. म्हाताऱ्याचा मान राखावा म्हणून मी आजवर आपल्या नावावर चालवून घेतलं."

माझ्या कानशिलात कुणी ठेवून द्यावी तसं झालं. जे वाक्य मला हवं होतं तेच, शब्दाला शब्द, आणि त्यानेच डॅडींचं नाव चिखलात घातलं. लोक माना हलवायला लागले. मी त्याच्या अंगावर धावणार, तेवढ्यात मागून चाकाच्या खुर्चीचा आवाज आला. कुणीतरी डॅडींना ढकलत आणत होतं.

"प्लग," ते म्हणाले.

वेंडेलने स्वतः बॉनेट उघडलं, फुटलेल्या सिलिंडरचा प्लग काढला आणि डॅडींच्या डाव्या हातात ठेवला. त्यांनी तो उन्हात धरला. पांढऱ्या चिनीमातीवर वितळलेल्या पिस्टनचे बारीक चमकते ठिपके होते.

"पेट्रोल... कमी. ठिणगी... फार लवकर." मग बराच वेळ शब्द सापडेना. "बांधणी... बरोबर. ट्यूनिंग... गाढवाचं."

वेंडेलने ते जसंच्या तसं भोंग्यावर सांगितलं. गाढवासकट. हशा उसळला आणि डेल्बर्टचं डोकं फिरलं.

"गाढवाचं? मग हिचे प्लग पांढरे कसे? आठच्या आठ पांढरे. मी स्वतः..."

"स्वतः काय?" वेंडेल म्हणाला. "आणि डेल्बर्ट, तुझ्या बाहीला कोलस्लॉ कसलं लागलंय?"

त्यानंतर डेल्बर्टला कुणी काही विचारलं नाही. माणसं एकेक करून पाठ फिरवून गेली. त्याच्या गाडीला ट्रेलरवर चढवायला हात लावायलाही कुणी थांबलं नाही. मी मुद्दाम उभी राहून बघितलं. पुन्हा बघायला मिळालं तर पुन्हा बघेन.

ट्रकमध्ये मात्र डॅडी बोलेनात. मी बोलतच होते: त्याचं तोंड कसं झालं, वेंडेल कसा म्हणाला, गावात आता कुठे तोंड दाखवेल. शेवटी मीच थकले.

"तुला... ऐकू आलं होतं," डॅडी म्हणाले. "मी थांबव म्हटलं... तेव्हा."

"आलं होतं. त्याची तुम्हाला दया येते?"

"तो... जाऊ दे खड्ड्यात."

"मग? इंजिन तुमचं होतं, डॅडी. आता सगळ्यांना कळलं."

"मला... माहीत होतं की."

दर शनिवारी कॅमारो पळायची तेव्हा डॅडी मला त्यांना धावपट्टीवर आणायला लावायचे. ऊन असो, गारठा असो. शत्रूवर नजर ठेवायला येतात असंच मी धरून चालले होते.

"रमोना," ते म्हणाले, "मी ते... इंजिन... ऐकायला यायचो."