चाळीस संगणकांच्या अंगात येतं

वरवंडच्या कॉलेजात त्या गुरुवारी एवढी माणसं लोटली होती की संगणक कक्षाच्या दारापासून सुरू झालेला चपलांचा पसारा पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेला होता. बाया डोक्यावर पदर घेऊन, बाप्ये टोप्या सरळ करून आणि पोरं कठड्यावर लोंबकळून एकच गोष्ट बघायला आली होती. संगणकाच्या अंगात येतं म्हणजे नेमकं होतं तरी काय!

आणि होत होतं हो, खोटं कशाला बोला! सकाळचं पहिलं प्रॅक्टिकल सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली नाहीत तोच चाळीसच्या चाळीस संगणक एकदम बंद पडले. मग पडदे निळे झाले आणि प्रत्येकाच्या मधोमध ठिपक्यांचं एक कडं गरगर फिरायला लागलं. बटणं बडवा, माउस आपटा, काही उपयोग नाही. सहा महिने हे असंच चाललं होतं. महिन्यातून एकदा, आणि वार कोणता, तर गुरुवार! मग काय विचारता.

समोर शिक्षकांच्या टेबलामागे भैरूनाथ महाराज बसले होते. खाली हरणाच्या कातड्याची छाप असलेलं ब्लँकेट, हातात नारळ. वर्षभरापूर्वीपर्यंत हे महाराज यवतला मोबाइल रिचार्जचं दुकान चालवत होते आणि लोक त्यांना नुसतं भैरू म्हणत. दुकान बुडालं आणि भैरूला साक्षात्कार झाला.

“व्हायरस म्हंजी काय?” महाराज गरजले. “डोळ्याला दिसतंय का? न्हाई! अंगात शिरतंय का? व्हय! मंग आपल्यात त्याला काय म्हंत्यात?”

“भूत!” कठड्यावरची पोरं ओरडली.

“आन् विंडो म्हंजी? खिडकी! तिन्हीसांजंला खिडकी उघडी ठिवल्यावर आत काय लक्षुमी येनार हाय व्हय? समद्यांनी भित्तीकडं तोंड करा, डोळं मिटा. जो डोळं उघडंल त्याच्या मोबाइलात शिरंल!”

शंभर-सव्वाशे माणसांनी आपापल्या खिशावर हात दाबून डोळे मिटले.

एकट्या करुणानं मिटले नाहीत. करुणा त्या कक्षाची सहायक. बी.एस्सी. झालेली, आठ महिन्यांच्या तात्पुरत्या ऑर्डरवर लागलेली. महाराजांनी पहिल्याच फेरीला भर गर्दीत सांगून ठेवलं होतं, “जिच्या घरी देव पुजत न्हाईत, तिचा हात मुख्य मशिनीला लागू देऊ नका.” हे कुणाबद्दल ते सगळ्यांना कळलं. कुणी नाव घेतलं नाही आणि कुणी हरकतही घेतली नाही. तेव्हापासून मुख्य संगणकाच्या कपाटाला कुलूप, कुलपाला लाल दोरा, दोऱ्यावर शेंदूर, आणि किल्ली प्राचार्यांच्या खिशात.

तर करुणा डोळे उघडे ठेवून बघत होती. मुलांच्या संगणकांची तोंडं मुलांकडे, त्यामुळे महाराजांना त्यांच्या नुसत्या पाठी दिसणार. त्यांच्यासमोर होता एकच पडदा, शिक्षकांच्या टेबलावरचा. त्यावरही तेच कडं फिरत होतं आणि खाली आकडा होता, ८८ टक्के. महाराजांचा मंत्र रेंगाळत चालला होता. “ओम् ह्रीं क्लीं... वायफाय बंध बंध...” मधूनच एक डोळा पडद्यावर. ९५ झाले तसा मंत्रानं वेग धरला. ९९ झाले आणि नारळ वर गेला. शंभर!

खाड! “जागं व्हा!”

माणसं वळून बघतात तर चाळीस पडदे लख्ख उजळलेले. शिपाई ज्योतिबामामांनी तर हमसून हमसून रडायलाच सुरुवात केली.

करुणानं त्याच दुपारी सम्राटला फोन लावला. तिच्या आधी हा कक्ष सम्राट सांभाळायचा. सहा महिन्यांपूर्वी त्याला शिरूरकडच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो गेला.

सगळं ऐकून तो आधी हसत सुटला. “अगं, ते मीच लावून ठेवलंय! मशिनीत नवीन दुरुस्त्या येत राहतात. चाळीस मशिनींवर एकेक करून अपडेट टाकायला माझे दोन दिवस मोडायचे. म्हणून मुख्य मशीनवरून सगळीकडे आपोआप जाईल असं केलं. महिन्यातल्या एका ठरलेल्या बुधवारी, रात्री दोनला. मशिनी स्वतःच बंद होतात, स्वतःच चालू होतात. कुणाला पत्ता लागत नाही. रात्री फक्त चालू ठेवायच्या.”

“चालू कुठल्या राहतायत? ज्योतिबामामा पाचला मेन स्विच पाडतात. वीज वाचवायला.”

सम्राटचं हसू थांबलं. “मी होतो तोवर त्यांना पाडू देत नव्हतो. मग बरोबर आहे. रात्रीचं राहिलेलं काम मशिनी सकाळी चालू झाल्या झाल्या करणार. सगळ्या एकदम. मी जाताना प्राचार्यांना, रविराज सरांना, चार पानं लिहून दिली होती गं.”

ती चार पानं अंगाऱ्याच्या पुड्या बांधायला गेली होती, हे करुणाला नंतर कळलं.

आता एवढ्यावर भागलं असतं तर महिन्याला एक प्रॅक्टिकल बुडालं, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढच्या महिन्यात एका संस्थेची शिष्यवृत्ती परीक्षा होती, संगणकावरची. केंद्र हेच कॉलेज. वार गुरुवार, आणि नेमका तोच गुरुवार! चाळीस मुली बसणार होत्या आणि त्यांत बारावीची अनिता होती. तिची आई झुंबरबाई हायवेवरच्या ढाब्यावर भाकरी थापायची. अनिताच्या चुलत्यांनी सांगून टाकलं होतं, परीक्षा निघाली तर पोरगी पुण्याला इंजिनिअरिंगला जाईल, नाही तर मे महिन्यात लग्न. मुलगाही बघून ठेवला होता. आणि अनिता अशी हुशार की करुणाला तिच्या निकालाची काळजी कधी वाटलीच नाही. काळजी होती ती मशिनींची.

ती प्राचार्य रविराज सरांकडे गेली. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण आबांना कोण सांगणार?”

मग ती आबांकडे गेली. जयसिंग आबा कॉलेजचे अध्यक्ष, आणि महाराजांना आणणारेही तेच.

“आबा, बुधवारची एक रात्र मशिनी चालू राहू द्या. रात्रीचं काम रात्री उरकेल.”

“आन् काय झालं म्हंजी? महाराजांनी सांगितलंय, दिस मावळायच्या आत बंद. परीक्षेदिवशी सव्वानवाला पूजा, मंगच चालू.”

“मग सकाळी सातला तरी चालू करू द्या. साडेनऊला पेपर आहे, तोवर होऊन जाईल सगळं.”

आबांनी तिच्याकडे शांतपणे बघितलं. “मॅडम, तुमची ऑर्डर कवा संपती?”

बुधवारी पाच वाजता ती मेन स्विचपाशी उभी राहिली. ज्योतिबामामा हात जोडून म्हणाले, “मला नगा अडवू, मॅडम. नोकरीची दोन वर्सं ऱ्हायलीत माजी.” करुणा बाजूला झाली. झाली म्हणजे काय करणार? म्हाताऱ्या माणसाशी झोंबाझोंबी करणार? मामांनी खटका पाडला आणि कुलूप लावून घरी गेले.

गुरुवारी सव्वानऊला पूजा झाली, मशिनी चालू झाल्या. साडेनऊला पेपर सुरू झाला. साठ प्रश्न, एक तास, आणि घड्याळ संस्थेच्या पुण्यातल्या कचेरीतून चालणारं, सगळ्या केंद्रांना एकच. अनिता सातव्या प्रश्नावर असताना पडदा गेला.

चाळीस मुलींनी एकदम हंबरडा फोडावा तसा आवाज झाला. बाहेर थांबलेले आईबाप आत घुसले. करुणानं संस्थेला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, घड्याळ मधेच थांबवता येत नाही, काय ते लेखी कळवा. इकडे महाराज तयारच होते.

“नजर लागली परीक्षंला! भित्तीकडं तोंड करा! डोळं मिटा!”

झुंबरबाईनंही डोळे मिटले. पदराला पिठाचे हात, ओठ पुटपुटणारे. अनिता मात्र खुर्चीवरून हललीच नाही. ती त्या फिरणाऱ्या कड्याकडे टक लावून बसली होती.

करुणाला आतून रडू फुटत होतं. वेळ तिला परत आणता येणार नव्हती. मुख्य मशीन कुलपात. तिच्या हातात एकच गोष्ट होती, ती तिनं केली. सरळ शिक्षकांच्या टेबलाकडे गेली आणि महाराजांसमोरच्या पडद्याचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

मंत्र अडखळला. “ए बाई, चालू कर त्ये,” महाराज दातओठ खाऊन पुटपुटले.

“का महाराज?” करुणा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “भूत तुम्ही काढता ना? मग पडद्यावरचा आकडा कशाला लागतो तुम्हाला?”

लोकांनी डोळे किलकिले केले. महाराजांना घाम फुटला. थोडा वेळ त्यांनी “बंध बंध” करत काढला, मग अंदाजपंचे नारळ आपटला. “जागं व्हा!”

सगळे वळले. कडी तशीच फिरत होती.

“एकाहत्तर टक्के,” अनितानं वाचलं.

दुसरा नारळ फुटला.

“अठ्ठ्याहत्तर.”

तिसरा नारळ घरंगळत बाकाखाली गेला आणि कठड्यावरचं एक पोरगं फिस्सकन हसलं. मग करुणानं सगळं सांगितलं. रात्रीचं काम, संध्याकाळी पाडलेला स्विच, टेबलावरचा आकडा, डोळे मिटायला लावायचं कारण. “आता कुणी काही करू नका. मंत्र नको, नारळ नको. नुसते बघत राहा.”

सगळे उभ्या उभ्या बघत राहिले. दहा सव्वीसला, कुणी काही न करता, चाळीस पडदे उजळले.

काय तो हशा! काय त्या टाळ्या! महाराज त्या गडबडीत ब्लँकेट टाकून, दुसऱ्याच्या चपला घालून पसार झाले. कुणी म्हणालं, “करुणाबाईंनी चोर पकडला!” कुणी म्हणालं, “मला तर पयल्यापासनंच संशय व्हता!” आणि या सगळ्या कालव्यात चाळीस मुली खाली मान घालून प्रश्न सोडवत होत्या. अनिता तेराव्या प्रश्नावर पोचली तेव्हा साडेदहा झाले. पडद्यावर अक्षरं आली, आपली वेळ संपली आहे.

मंडळी, गोष्ट इथं संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं.

संस्थेनं कळवलं, केंद्राची चूक असेल तर फेरपरीक्षा घेऊ. मशिनी का बंद पडल्या आणि पुन्हा का पडणार नाहीत, हे अध्यक्षांच्या सहीशिक्क्यानं तीन दिवसांत लिहून द्या. यापेक्षा सोपं काय असतं? करुणानं तासाभरात पत्र लिहून आबांपुढं ठेवलं. आबांनी ते दोनदा वाचलं.

“समदं खरं हाय, मॅडम. मी डोळ्यांनी बघितलं. पन भैरूच्या सांगण्यावरनं आमी मशिनी बंद ठिवल्या, हे माज्या सहीनं लिहून द्यायचं? उंद्या पेपरात छापून येईल. लाइट गेली व्हती म्हनून लिवा.”

रविराज सरांनी तसं लिहिलं. संस्थेचं उत्तर आलं, वीज गेली तर जनरेटरची हमी केंद्रानं आधीच दिलेली आहे, त्यामुळे हे कारण मान्य नाही, सबब फेरपरीक्षा नाही. करुणानं स्वतःच्या सहीनं खरं पत्र पाठवलं. त्याला उत्तर आलं, अध्यक्षांच्या सहीशिवाय विचार करता येत नाही. पुढच्या महिन्यात तिची ऑर्डर संपली ती संपलीच.

सामान न्यायला ती कॉलेजात आली त्या दिवशी झुंबरबाई फाटकात उभी होती.

“बाई, मशिनी बंद पडनार हे तुमाला आदुगर म्हाईत व्हतं?”

“हो.”

“कुनाकुनाला सांगितलं?”

“सरांना. आबांना. ज्योतिबामामांना.”

“मला का न्हाई सांगितलं?”

खरं उत्तर करुणाला ठाऊक होतं आणि त्याची लाज वाटत होती. तिला वाटलं होतं, भाकरी थापणाऱ्या बाईला यातलं काय कळणार?

“पोरगी माजी व्हती,” झुंबरबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “आमी चाळीस आया रातभर त्या खटक्याफुडं बसलो असतो. कुनाची छाती झाली असती पाडायची? एवढंच तर सांगायचं व्हतं, रातचं चालू ठिवा म्हनून. ह्यात न कळन्यासारकं काय हाय?”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती बसथांब्याकडे चालू लागली. अनिताचं लग्न मे महिन्यात झालं.

म्हणून हात जोडून सांगतो. यंत्राच्या अंगात येत नाही, येणारही नाही. त्याला जे सांगून ठेवलंय तेच ते करतं. काही अघटित दिसलं तर आधी विचारा, हे कशानं झालं, कुणी लावून ठेवलं, आणि मला डोळे मिटायला का सांगतायत? आणि ज्यांना कारण आधीच कळलंय त्यांना माझं जास्तीचं सांगणं आहे. साहेबाच्या केबिनमधून मान हलवून परत येऊ नका. ज्याचं लेकरू बुडणार आहे त्याच्या दारात जा, चुलीपाशी बसा, आणि त्याच्या बोलीत सांगा. त्याला कळतं.